घराला कुलूप होतं : दिव्यांग आणि कायमच्या आजारांवरच्या संशोधन-प्रशिक्षणाची दुसरी तुकडी कशी लावावी?

सिंदफणा

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी संशोधन-प्रशिक्षणाचं काम बघते. दिव्यांग माणसं आणि लकवा, मधुमेह, फिट, किडनी असे कायमचे आजार जडलेली माणसं, यांची घरी काळजी कशी घेतली जाते यावर दवाखान्यातल्याच लोकांनी छोटे अभ्यास करायचे, असा हा एक वर्षाचा कार्यक्रम आहे. शिकणारे म्हणजे फिजिओ, सिस्टर, समुपदेशक, विशेष शाळेतले शिक्षक. वर्षातून तीनदा आठवडाभर एकत्र बसायचं आणि मधल्या महिन्यांत नोकरी सांभाळून अभ्यास करायचा. आराखडा जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉर्ट इट' अभ्यासक्रमावरून घेतला. तिथं शिकणारा आपल्याच कामातला प्रश्न घेऊन येतो आणि ठरलेल्या तारखेला ठरलेलं काम दिलं नाही तर पुढच्या सत्राला बसता येत नाही.

पहिल्या तुकडीत दहा जण होते. अहवाल चौघांचेच पूर्ण झाले. त्यातल्या एका न झालेल्या अभ्यासाबद्दल सांगते, कारण तो माझ्या मनातून जात नाही.

आमच्या एका सिस्टरने प्रश्न घेतला होता : लकव्याच्या पेशंटला दवाखान्यातून सोडताना आपण घरच्यांना व्यायाम शिकवतो, कूस बदलायला शिकवतो, गिळताना ठसका लागू नये म्हणून कसं भरवायचं ते दाखवतो. चार महिन्यांनी त्यातलं घरात काय उरतं? प्रश्न साधा आणि खरा होता. ऑगस्टमध्ये ती घरोघर जाऊन आली. डिसेंबरात तोच फॉर्म घेऊन परत गेली, तर निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. काही घरांत नुसती म्हातारी माणसं. एका घरी शेजारीण म्हणाली, लेक-सून ऊसतोडीला गेले, सासऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून घेऊन गेले, मागं ठेवायचं कुणाच्या भरवशावर?

सिस्टरला वाटलं चूक तिची. चूक माझी होती. अनुदानाचा हिशेब मार्चअखेर द्यायचा होता म्हणून सगळं वेळापत्रक मी आर्थिक वर्षावर बसवलं. बीड जिल्ह्यात राहून, दरवर्षी गाड्या भरून जाताना बघून, ही गोष्ट माझ्या कागदावर आली नाही.

दुसरी तुकडी घ्यायची आहे. कधी सुरू करू, कुणाला घेऊ, आणि जे मधेच मागे पडतात त्यांचं काय करू, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. अनुभव असतील तसे लिहा.

लातूरफिजिओ

ताई, दसरा झाला की ऊसतोडीची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या टोळ्या हलायला लागतात आणि दिवाळीनंतर वस्त्या रिकाम्या. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. मग मृगापर्यंत थोडी उसंत असते, पुढं पेरणी. म्हणजे पहिली भेट श्रावण-भाद्रपदात आणि दुसरी चैत्र-वैशाखात, एवढ्याच दोन खिडक्या तुमच्याकडं आहेत. मधे सात-आठ महिने पडतात. पाठपुराव्याला हे अंतर वाईट नाही. सत्रं यांच्याभोवती लावा, अनुदान देणाऱ्याला हे आधीच लिहून कळवा.

पण मला वाटतं, खरा प्रश्न त्या मधल्या महिन्यांतच आहे. लकव्याचा माणूस उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत, कसा राहतो? जमिनीवरच्या अंथरुणातून त्याला उठवतं कोण, पहाटे चारला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, निघून गेल्यावर त्याच्याजवळ कोण असतं? बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या बांधून नेल्या, संपल्यावर कुठून घेतल्या? हे कुणी बघितलेलं मला माहीत नाही. तुमच्या एका शिकणाऱ्याने दहाच कुटुंबांसोबत फडावर जाऊन नीट लिहून आणलं, तर ते तीनशे फॉर्मांपेक्षा मोलाचं होईल.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. कोण कुठल्या कारखान्यावर आहे हे टोळी नेणाऱ्या मुकादमाला विचारून काढायचा मोह होईल, कारण यादी त्याच्याकडं असते. ते करू नका. माझ्याकडं फिट येणारी एक बाई यायची, तिनं तीन वर्षं ही गोष्ट टोळीत लपवली होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातल्या एकाला आजार आहे असं मुकादमाला कळलं की पुढच्या साली उचल कमी होते नाहीतर मिळतच नाही. तुमचा माणूस दवाखान्याचं नाव सांगत मुकादमाकडं गेला, एवढंही त्या घराला महागात पडू शकतं. पत्ता आणि दोन फोन नंबर पहिल्याच भेटीत घरच्यांकडून घ्या, आणि फोनवर आजाराचं नाव कुणाजवळ काढायचं नाही हे शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवा.

गटप्रवर्तक_ताई

मी आशांची गटप्रवर्तक आहे. संशोधन मला कळत नाही, पण फॉर्म भरून घेण्यात माझी बारा वर्षं गेली, त्यातलं सांगते.

आमच्याकडं घरात जाऊन 'कुणी दिव्यांग आहे का' विचारलं की 'नाही' म्हणतात. आजीला दिसत नाही, ते म्हातारपण. आजोबाला उठता येत नाही, ते गुडघे. लेकरू बोलत नाही, ते 'उशिरा बोलंल, याचा बाप बी उशिराच बोलला'. दिव्यांग म्हणजे ज्याला प्रमाणपत्र मिळालं तो. मागं एका सर्व्हेत आम्हाला सहा प्रश्न दिले होते : दिसणं, ऐकणं, चालणं-चढणं, ध्यानात राहणं, आपलं आपण आवरणं, आणि बोललेलं समजणं-समजावणं. त्यात अडचण आहे का, थोडी का बरीच का जमतच नाही. दिव्यांग हा शब्द त्यात कुठंच नव्हता. ज्या वाडीत आम्ही दोन नावं लिहायचो तिथं त्या दिवशी कितीतरी निघाले.

पण मराठी बघून घ्या. दुसऱ्या एका फॉर्मात 'एक किलोमीटर चालण्यात अडचण येते का' असा एक प्रश्न होता. आमच्या बायांना किलोमीटर डांबरी रोडवर कळतो. गावात 'वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत' विचारावं लागतं. 'गेल्या तीस दिवसांत' म्हणलं की बघत बसतात, 'मागच्या अमावस्येपासून' म्हणलं की लगेच सांगतात. 'स्वतःची काळजी' म्हणलं तर 'माझी काळजी लेक घेतो' म्हणतात. तिथं आंघोळ, लुगडं नेसणं, परसाकडं जाणं असं धडधडीत विचारा. तुमचे शिकणारे इंग्रजीवरून जे मराठी करतात ना, ते आधी एखाद्या आशेला वाचून दाखवा. ती जिथं अडखळंल तिथं प्रश्न बदला.

दुसरं. आशेला फुकट धरू नका. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा बीपी-शुगरचा फॉर्म ती भरतीच आहे. त्यात तुमचं 'ताई, जरा घरं दाखवा' म्हणजे तिचा अख्खा दिवस जातो.

आणि बाया आता विचारतात. २०१९ साली ऊसतोडीच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, समिती बसली, आमच्या जिल्ह्यात ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून कुणीबी कागद घेऊन गेलं की पहिला प्रश्न, 'मागच्या सर्व्हेचं काय झालं?' याचं उत्तर घेऊन जा.

लेकराची_माय

वरचा शेवटचा प्रश्न माझा पण आहे.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी. त्याच्या नावावर आजवर पाच जणांनी फॉर्म भरून नेले. कुणी एमएसडब्ल्यूचे, कुणी फिजिओचे, एक पीएचडीची ताई. चांगली मुलं होती, प्रेमानं बोलली. एकीनं तर त्याला मांडीवर घेऊन भरवलं. सगळ्यांच्या कागदावर मी सही केली. पाचातलं एकही माणूस परत आलं नाही. त्यांना काय सापडलं, माझ्या लेकरासारखी किती लेकरं होती, दुसऱ्या आया खांदे दुखल्यावर काय करतात, मला काहीच कळलं नाही. मी रात्री चार वेळा उठते असं मी पाचही जणांना सांगितलं.

तुम्ही प्रशिक्षण देता तर हे शिकवा ताई. घरात शिरायचं कसं ते सगळ्यांना शिकवतात.

पैशाचं पण बोलते, राग मानू नका. दवाखान्यात बोलावून मुलाखत घेता तेव्हा माझा अख्खा दिवस जातो. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बारा वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन एसटी पकडणं होत नाही, रिक्षा करावी लागते. रोज बुडतो तो वेगळाच.

आणि त्याला विचारा. तो बोलत नाही, पण 'हो' म्हणायचं असलं की वर बघतो. पाचातल्या एकीनंच ते बघितलं.

आकडेमोड

मी वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. लेकराची_माय यांनी लिहिलेल्या तिन्ही गोष्टी 'वाटलं तर करा' अशा नाहीत, हे आधी सांगतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज भरून देण्याची तरतूद आहे. सात वर्षांवरच्या मुलाची, त्याला समजेल अशा रीतीने, स्वतःची संमतीही घ्यायची असते. बारापर्यंत ती तोंडी घेतात, पुढे लेखी. डोळ्यांनी दिलेला होकार ही त्या मुलाची संमतीच आहे. ती कशी ओळखली हे फॉर्मवर लिहून ठेवावं. म्हणून अंदाजपत्रकात या खर्चाची ओळ पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. नैतिकता समितीपुढे अर्ज जातानाच ती दिसली पाहिजे.

आता कार्यक्रमाबद्दल. सहा जण का गळले? माझा अंदाज असा, की प्रश्न मोठे होते. पहिल्या सत्रात शिकणारा 'मराठवाड्यातील दिव्यांगांच्या समस्या' असं काहीतरी घेऊन येतो. तो विषय एका पानावर, एका वाक्याच्या प्रश्नात बसेपर्यंत त्याला पुढे जाऊ देऊ नका. दुसरं, सगळ्यांना घरोघर पाठवू नका. तुमच्या दवाखान्यात नोंदवह्या आहेत. मधुमेहाच्या पेशंटची पायाची तपासणी किती जणांच्या केसपेपरवर लिहिली आहे, फिटच्या औषधाला लोक किती महिन्यांनी खंड पाडतात, हे कुलूप न लागणाऱ्या कागदांवर बसून कळतं. निम्मे अभ्यास असे ठेवा. त्यांनाही समितीची मंजुरी लागते, आणि मंजुरीला दोन-तीन महिने सहज जातात. सगळ्यांचे अर्ज एकाच बैठकीत जातील असं बघा.

एका मार्गदर्शकाकडे तीनपेक्षा जास्त शिकणारे देऊ नका. आणि तारखा कडकच ठेवा. सवलत दिली की अहवाल होत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

लातूरफिजिओ

सर, बाकी सगळं पटलं, तारखांचं पटलं नाही. आमच्याकडं गळतात त्या बहुतेक बायका. सासू पडली, लेकराची परीक्षा आली, नाइट ड्यूटी लागली. कायमच्या आजारात घरी काळजी घेणारी बाई हा ज्या कार्यक्रमाचा विषय, त्याच कार्यक्रमातून तीच बाई तारीख चुकली म्हणून बाहेर?

आकडेमोड

मुद्दा मान्य. पण मोकळं सोडलं तर तिचा अभ्यास अर्धाच राहतो आणि ज्या घरांनी तिला वेळ दिला त्यांचा वेळ वाया जातो, हेही बघा. तारीख तिलाच ठरवू द्या. सुरुवातीला दोन महिने हातचे ठेवायला सांगा. एकदा ठरली की मात्र पाळायला लावा, आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी मार्गदर्शकाने स्वतः फोन करायचा.

माळवद

सगळी चर्चा वाचली. तुमच्या शिकणाऱ्यांच्या यादीत फिजिओ, सिस्टर, समुपदेशक, शिक्षक आहेत. दिव्यांग माणूस मला दिसला नाही.

मी औसा तालुक्यातला. किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी नऊ वर्षांचा होतो. दगडमातीच्या भिंतींवर फूट-दोन फूट मातीचं माळवद म्हणजे सपाट छप्पर, ते खाली आलं. माझी इजा छातीच्या वरच्या मणक्यात आहे. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवर आहे, एमएपर्यंत शिकलो, इथल्याच एका संस्थेत हिशेब लिहितो. तीस वर्षांत माझ्याकडं माहिती घ्यायला आलेल्यांची मोजदाद नाही. माहिती गोळा करायला चल, असं एकानंही म्हटलं नाही. एकदा मी स्वतः एका प्रशिक्षणाला अर्ज केला, निवडही झाली. वर्ग पहिल्या मजल्यावर होता. दोघांनी उचलून न्यायची तयारी दाखवली, फार आपुलकीनं. मी परत आलो. रोज चार वेळा उचलून घेऊन शिकता येत नाही.

दाबाच्या जखमांवर दवाखान्यातले लोक प्रश्न विचारतात, 'दर किती वेळानं अंग उचलता?' उत्तर सगळ्यांना पाठ आहे, पंधरा-वीस मिनिटांनी. मी विचारलं असतं : लघवीची नळी धुवायला पाणी कितव्या दिवशी येतं? उन्हाळ्यात टँकर आठवड्यानं आला तर तुम्ही पाणी पिणं कमी करता का? मी करतो. लघवीचा जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो. हा प्रश्न मराठवाड्यात खुर्चीवर बसलेल्या माणसालाच सुचतो.

तर ताई, दोन जागा राखीव ठेवून भागणार नाही. वर्ग तळमजल्यावर, उताराची वाट, दार खुर्ची जाईल इतकं रुंद, संडास वापरता येईल असा, आणि मे महिन्यात दुपारची क्षेत्रभेट नको. माझ्यासारख्याला इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, ४२ डिग्रीत ताप चढतो. बहिऱ्या शिकणाऱ्यासाठी खुणांची भाषा जाणणारा माणूस, न दिसणाऱ्यासाठी वाचून दाखवता येतील अशा फाइली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याला वाजवी सोय म्हटलं आहे. आमच्याविना आमच्याविषयी काही नको, एवढंच मागणं आहे.

किनवटकर

एक भर घालतो. आमच्या किनवट-माहूर भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. पण हातापायाला काही दिसत नाही, म्हणून शाळेत पोरगं 'नाटकं करतं' ठरतं. दुखणं उठलं की तीन दिवस तळमळतं, चौथ्या दिवशी मैदानावर असतं. ३० दिवसांत किती दिवस अडचण, या प्रश्नात असा आजार नीट पकडला जात नाही. कधी सगळे तीस चांगले, कधी दहा वाईट. अशा आजारासाठी घरच्यांना कॅलेंडरवर खूण करायला सांगावं.

लग्नाच्या वयाच्या मुलींची घरं नावानिशी नोंदवू नका. वाहक आहे एवढं जरी गावात फुटलं तरी सोयरीक मोडते. आणि इकडं गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू घराघरात आहे. मराठी फॉर्म गेला म्हणजे काम झालं असं होत नाही.

सिंदफणा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री हा धागा परत परत वाचला. आज दवाखान्यात विश्वस्तांसमोर बसून काय ठरलं ते लिहिते.

पहिलं सत्र आषाढात, दुसरं दिवाळीनंतर, तिसरं वैशाखात. मार्चचा अहवाल अंतरिम म्हणून द्यायचा, तसं पत्र अनुदान देणाऱ्या संस्थेला गेलं आहे. उत्तर आलेलं नाही. नाही म्हणाले तर काय, हे विश्वस्तांनी मला दोनदा विचारलं, आणि माझ्याकडे आज उत्तर नाही.

दहा जागांपैकी चार दिव्यांग व्यक्ती आणि घरी काळजी घेणाऱ्या पालकांसाठी. पदवीची अट काढली. यावर थोडी वादावादी झाली. मी जामखेडचं उदाहरण दिलं. १९७० पासून डॉ. आरोळे दांपत्यानं गावातल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, आणि ते आमच्या जिल्ह्याला लागूनच आहे. मग विरोध मावळला. वर्ग खालच्या जुन्या औषध-भांडारात भरेल, तिथलं दार रुंद करून घ्यायचं आहे. माळवद दादा, दार पाडायच्या आधी तुम्ही येऊन माप सांगाल का? अर्ज तर तुम्ही करायचाच.

अभ्यास पाच नोंदवह्यांवर, चार घरांवर, आणि एक फडावर. फडावर ती लकव्यावाली सिस्टरच जाणार आहे. तिनं स्वतः मागितलं.

तारखा आकडेमोड सरांनी सांगितल्या तशा, शिकणाऱ्यानं ठरवायच्या.

आणि प्रमाणपत्राचा नियम बदलला. नुसता अहवाल दिला म्हणून प्रमाणपत्र मिळणार नाही. तिसऱ्या सत्राचे शेवटचे तीन दिवस शिकणारे ज्या घरांत गेले होते त्या घरांत परत जातील, काय सापडलं ते बसून सांगतील, आणि घरच्यांनी 'हे असं नाही' म्हटलं तर तेही लिहून आणतील. ते पान जोडल्यावरच काम पूर्ण. लेकराची_माय, हा नियम तुमच्या प्रतिसादातून आला.

गटप्रवर्तक ताई, प्रश्नांचं मराठी घेऊन शनिवारी तुमच्याकडे येते. दोन आशाताई असतील तर बरं, त्यांच्या दिवसाचे पैसे अंदाजपत्रकात धरले आहेत.

गटप्रवर्तक_ताई

या. आमच्या वेशीपासून मारुतीपर्यंत किती भरतं ते आधी मोजू, मोठी टेप घेऊन या. किलोमीटर भरत नसंल तर पुढं कुठवर धरायचं ते आशाच सांगतील, म्हसोबापर्यंत का विहिरीपर्यंत.

लेकराची_माय

पदवीची अट काढली म्हणता. मी बारावी आहे. अर्ज कुठं मिळंल?